पहिले रिवॉर्ड कार्ड घेताना: अर्ज, वार्षिक शुल्क आणि पॉइंटचा खरा हिशेब

प्रश्न | शिलकी

नमस्कार. गेली आठ वर्षे मी सगळे व्यवहार डेबिट कार्डाने किंवा थेट खात्यातून करत आलो आहे. कर्ज कधीही घेतलेले नाही, त्यामुळे उधारीची सवय जशी नाही, तसा माझ्या नावावर पतव्यवहाराचा इतिहासही नाही. पगार नियमित आहे आणि महिन्याचा खर्च मी वहीत मांडतो. घरभाडे वगळून उरलेला खर्च १०० धरला, तर त्यातले साधारण ५० किराणा व घरखर्चात, २० प्रवास व इंधनात, १० वीज-फोन-इंटरनेटच्या बिलांत आणि उरलेले २० किरकोळ खरेदीत जातात.

आता हा खर्च रिवॉर्ड कार्डावर, म्हणजे खर्चामागे पॉइंट किंवा कॅशबॅक (थोडे पैसे परत) देणाऱ्या क्रेडिट कार्डावर, नेण्याचा विचार आहे आणि माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिल्या कार्डाला वार्षिक शुल्क नाही आणि त्यावर सरसकट १ टक्का कॅशबॅक मिळतो. दुसऱ्याचे वार्षिक शुल्क वरच्या मापाने ६ इतके आहे, परंतु दर १०० खर्चामागे ४ पॉइंट मिळतात आणि जाहिरातीप्रमाणे त्यांचे मूल्य २ टक्के भरते. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत ४०० खर्च केल्यास १५ इतक्या मूल्याचे स्वागत-पॉइंट मिळतात. तिसरे कार्ड एका विमान कंपनीच्या नावाचे आहे, पण मी वर्षातून फार तर दोनदा विमानाने जातो.

माझे प्रश्न असे आहेत. तिन्ही ठिकाणी एकदम अर्ज करून जे मंजूर होईल ते ठेवावे का? वार्षिक शुल्क भरणे कधी परवडते? आणि पॉइंटचे मूल्य जाहिरातीत सांगतात तेवढे खरोखर पदरात पडते का?

उत्तर १ | रोजमेळ

तिन्ही ठिकाणी एकदम अर्ज मुळीच करू नका. प्रत्येक अर्जासोबत बँक पतनोंदणी संस्थेकडून, म्हणजे लोकांच्या उधारी-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत अशा तीन नोंदी दिसल्या की समोरचा अधिकारी किंवा त्याच्या जागी बसलेली संगणकप्रणाली असा अर्थ काढते की या माणसाला पैशांची निकड आहे. ज्याच्या नावावर आधीची काहीच नोंद नाही, त्याच्या बाबतीत हा संशय अधिक गडद होतो, कारण तो पुसून काढणारी वेळेवर फेडलेल्या हप्त्यांची मालिका तुमच्यापाशी नाही.

या अहवालावरून तुमची पत आकड्यात मांडणारा गुणांक काढतात. त्याची गणिते देशोदेशी थोडीफार वेगळी असली तरी त्यांचा सांगाडा सारखाच असतो. अमेरिकेतील फायको गुणांकाचे जाहीर केलेले ढोबळ प्रमाण पाहा: वेळेवर परतफेडीला ३५ टक्के, वापरात असलेल्या उधारीला ३०, इतिहासाच्या लांबीला १५, नव्या उधारीला १० आणि उधारीच्या प्रकारांना १० टक्के. नवा अर्ज हा यातला लहान भाग आहे, पण लांबीच्या रकान्यात तुमच्याकडे शून्य आहे आणि ते शून्य केवळ काळच भरून काढतो. म्हणूनच पहिले कार्ड असे निवडावे की जे पंधरा वर्षे विनाखर्च बाळगता येईल. वार्षिक शुल्काचे कार्ड तुम्ही तीन वर्षांनी बंद कराल आणि नेमके तेच तुमचे सर्वांत जुने खाते असेल.

अर्ज करताना सर्वप्रथम तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिच्याकडे विचारणा करावी, कारण तुमची नियमित जमा तिला कागदपत्रांशिवायही दिसते. अनेक बँका अर्जापूर्वी पात्रतेचा अंदाज देतात आणि तशी प्राथमिक तपासणी सहसा गुणांकावर परिणाम करत नाही, मात्र ती तशीच आहे ना, हे संमती देण्यापूर्वी वाचून घ्यावे. अर्जातील नाव आणि पत्ता ओळखपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे, आपला अहवाल स्वतः तपासावा आणि काही महिने थांबावे. तोवर मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड हा उत्तम मार्ग आहे. त्यावरचे रिवॉर्ड फारसे नसतात, पण इतिहास मात्र इतर कोणत्याही कार्डाइतकाच चांगला तयार होतो.

उत्तर २ | काउंटरपलीकडे

मी एका बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे पॉइंट येतात कुठून. तुम्ही कार्ड वापरले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून काही टक्के कापले जातात आणि त्या कपातीचा मोठा वाटा इंटरचेंज या नावाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. तुमचे रिवॉर्ड त्यातलाच एक तुकडा असतो. ज्या देशांत या कपातीवर मर्यादा आली तिथे रिवॉर्डही आटले. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये अशी मर्यादा आली तेव्हा हेच दिसले, आणि युरोपीय संघात २०१५ मध्ये वैयक्तिक क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली गेली तेव्हाही. यातून हेही कळते की ज्या प्रकारच्या व्यवहारात बँकेला कपात कमी मिळते त्यावर पॉइंटही कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. उरलेली मिळकत शुल्कांतून आणि थकबाकी ठेवणाऱ्यांच्या व्याजातून येते. म्हणजे पूर्ण बिल भरणाऱ्याच्या पॉइंटचा काही भार बिल न भरू शकणारा ग्राहक उचलत असतो. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण व्यवस्था तशी आहे.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. दुकान कोणत्या प्रकारचे आहे हे बँकेला चार अंकी संकेतांकावरून कळते, पाटीवरून नव्हे. किराणा दुकानांचा संकेतांक ५४११, उपाहारगृहांचा ५८१२. एखाद्या मोठ्या दालनात तुम्ही केवळ धान्य घेतले, पण त्या दालनाची नोंद 'सर्वसाधारण वस्तूभांडार' अशी असेल, तर किराण्यावरचा वाढीव दर तुम्हाला मिळणार नाही, आणि तक्रार करूनही सहसा काही निष्पन्न होत नाही. इंधन, घरभाडे, विमा, सरकारी भरणा, मोबाइलमधील ई-पाकिटात पैसे भरणे आणि हप्त्यांत रूपांतर केलेली खरेदी हे व्यवहार अनेक कार्डांवर पॉइंटमधून वगळलेले असतात. 'सरसकट १ टक्का' यातील सरसकट या शब्दावर विसंबू नका. अटींच्या पत्रकात वगळलेल्या व्यवहारांची यादी शोधा आणि ती तुमच्या वहीशेजारी ठेवून वाचा.

आणि कार्ड हाती आल्यावर पहिल्याच दिवशी करायचे एक काम आहे. खात्यातून आपोआप बिल भरण्याची सोय सुरू करताना 'किमान देय रक्कम' आणि 'एकूण देय रक्कम' असे दोन पर्याय असतात. बऱ्याच अर्जांत किमान रकमेवर आधीच खूण केलेली असते. अतिशय सुशिक्षित, काटेकोर माणसे वर्षभर किमान रक्कम भरत राहिलेली आणि आपण बिल फेडतो आहोत अशा समजुतीत असलेली मी पाहिली आहेत.

उत्तर ३ | अर्धाटक्का

शुल्काचा हिशेब मी तुमच्याच आकड्यांवर मांडतो.

महिन्याला १०० म्हणजे वर्षाला १,२०० खर्च. त्यातील बिले आणि निम्मा प्रवासखर्च इंधनाचा धरून दोन्ही कार्डांवर वगळला जाईल असे मानले, तर पॉइंटला पात्र असा खर्च ९६० उरतो. पहिल्या कार्डावर त्याचे ९.६ मिळतील. दुसऱ्यावर २ टक्क्यांनी १९.२ मिळतील, त्यातून शुल्क ६ वजा केले की १३.२ उरतात. दोन्हींतील फरक झाला ३.६, म्हणजे वर्षभर पॉइंटचा पाठपुरावा करून तुमच्या हाती जेमतेम एका दिवसाचा खर्च येतो. शुल्कावर कर लागत असेल तर तो यातूनच जाईल.

पण हा आकडासुद्धा २ टक्के खरे असतील तरच. १०० ला ४ पॉइंट आणि एका पॉइंटचे मूल्य अर्धा, म्हणून २ टक्के, असे ते गणित आहे. मात्र पॉइंटला एकच भाव नसतो. तोच पॉइंट प्रवासाच्या आरक्षणात अर्ध्याला जातो आणि वस्तूंच्या सूचीतून मिक्सर घेतला तर पावला खपतो. पाव धरला की दुसऱ्या कार्डाचा दर १ टक्क्यावर येतो, दोन्ही कार्डे बरोबरीत येतात आणि शुल्काचे ६ सरळ तोट्यात जातात. तेव्हा अर्जाआधीच सोडवणुकीचे, म्हणजे पॉइंट देऊन वस्तू घेण्याचे, पान उघडा, तुम्ही खरोखर घेणार असलेली एक वस्तू निवडा, तिची बाजारातील रोख किंमत घ्या, पॉइंटने घेताना वर जे कर किंवा सोडवणूक-शुल्क रोख भरावे लागेल ते वजा करा आणि उरलेल्या रकमेला पॉइंटच्या संख्येने भागा. आलेला आकडा हाच तुमच्यापुरता पॉइंटचा भाव होय. सूचीतील छापील किमतीवर हा भागाकार कधीही करू नये, कारण ती किंमत बहुधा फुगवलेली असते.

स्वागत-पॉइंटांबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. एका कार्डावर वर्षअखेरीस ठरावीक खर्चाचा टप्पा गाठला की मोठे बक्षीस होते. टप्प्याला थोडी रक्कम कमी पडत होती, म्हणून मी गरज नसलेले एक उपकरण घेतले. ती खरेदी वर्षाच्या शेवटच्या दिवशी केली, बँकेकडे ती नोंदली गेली दोन दिवसांनी, आणि टप्पा हुकला. बक्षीस गेले आणि उपकरण घरात राहिले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. तुमच्या बाबतीत तीन महिन्यांत ४०० म्हणजे नेहमीपेक्षा १०० जास्त खर्च करायचा, आणि तोही १५ मिळवण्यासाठी. वर्षाचा विमा हप्ता किंवा ठरलेली मोठी खरेदी त्याच तिमाहीत येत असेल आणि ती पात्र खर्चात मोजली जात असेल, तर जरूर अर्जाची वेळ तशी साधा. तसे नसेल तर स्वागत-पॉइंट हिशेबातून वगळूनच निर्णय घ्या.

विमान कंपनीच्या कार्डाविषयी फार लिहीत नाही. वर्षातून दोनदा प्रवास करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एकाच कंपनीशी बांधलेल्या पॉइंटचे मूल्य ती कंपनी एका परिपत्रकाने घटवू शकते, आणि तुमचे पॉइंट पुरेसे साठेपर्यंत बहुधा तसे झालेलेच असते.

शिलकी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. शुल्काचे कार्ड मी यादीतून काढले आहे. एका दिवसाच्या खर्चासाठी एवढी उस्तवार नको. आता दोन शंका राहिल्या आहेत. जाहिरातींतील '५० दिवस विनाव्याज' याचा नेमका अर्थ काय? आणि एखाद्या महिन्यात अडचण आली व पूर्ण बिल भरता आले नाही, तर किमान रक्कम भरून निभावते का?

उत्तर ४ | रोजमेळ

५० दिवस ही कमाल मुदत आहे आणि ती फक्त एका दिवसाच्या खरेदीला मिळते. समजा, तुमचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होते आणि ते भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. मागील महिन्याच्या ६ तारखेला घेतलेली वस्तू या बिलात येते, म्हणून तिला सुमारे ५० दिवस मिळतात. याच महिन्याच्या ४ तारखेला घेतलेली वस्तूही याच बिलात येते, पण तिला २१ दिवसच मिळतात. मोठी खरेदी बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही विनाव्याज मुदत तुम्ही मागील बिल पूर्ण भरले असेल तरच लागू असते. अनेक करारांनुसार बिलातील थोडी रक्कम जरी बाकी ठेवली, तरी व्याज केवळ त्या बाकीवर लागत नाही. ते प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते, आणि त्यानंतर केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. एटीएममधून कार्डाने रोख काढल्यास तर विनाव्याज मुदत सहसा मुळातच नसते, वर शुल्क असते आणि पॉइंट शून्य.

किमान रकमेने निभावते ते इतकेच की उशिराचा दंड लागत नाही आणि अहवालात चुकवेगिरीची नोंद होत नाही. व्याज चालूच राहते. व्याजाचे दर ठिकठिकाणी वेगवेगळे आहेत, पण महिना साडेतीन टक्के हा काही बाजारांत रूढ असलेला दर धरू. चक्रवाढीने तो वर्षाला ५१ टक्क्यांच्या वर जातो. १०,००० थकबाकी आहे, नवी खरेदी अजिबात केली नाही आणि दर महिन्याला व्याजासह रकमेच्या ५ टक्के इतकीच किमान रक्कम भरली, तर बारा महिन्यांत तुम्ही सुमारे ५,६७० भरलेले असतील आणि तरीही सुमारे ८,१६५ देणे शिल्लक असेल. भरलेल्या पैशांपैकी सुमारे ३,८३५ केवळ व्याजात गेले. एक टक्का कॅशबॅकने हे भरून काढायचे तर ३,८३,५०० ची खरेदी करावी लागेल.

म्हणून अडचणीच्या महिन्यात जमेल तेवढी जास्त रक्कम भरा, कार्डाचा वापर तत्काळ थांबवा आणि देणे तीन-चार महिन्यांत फिटणार नसेल तर कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढून ते एकदाच मिटवा.

उत्तर ५ | रोखठोक

वरील सल्ल्यांशी माझा फारसा मतभेद नाही, पण सर्वांनी खर्च १०० च राहील हे गृहीत धरले आहे आणि माझी हरकत तिथेच आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवल्या होत्या. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे ज्यांना सांगितले होते, त्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीच्या घरात गेली. रोजच्या किराण्यात एवढा फरक पडेल असे मी म्हणत नाही. परंतु १०० चे १०२ झाले, तरी १ टक्का कॅशबॅक दुप्पट वेगाने परत गेला.

मी स्वतः दोन वर्षे कार्ड वापरून पुन्हा डेबिटवर आलो, आणि मला त्याची खंत नाही. तुम्ही वही ठेवता, त्यामुळे तुम्हाला मोजणे सोपे आहे. कार्ड येण्यापूर्वीच्या सहा महिन्यांची सरासरी काढून ठेवा, नंतरच्या सहा महिन्यांशी ती ताडून पाहा, आणि महागाईच्या मानाने खर्च अधिक वाढलेला दिसला तर निर्णय घ्या. वहीत नोंद मात्र खरेदीच्या दिवशीच झाली पाहिजे, बिल भरण्याच्या दिवशी नव्हे, नाहीतर वीस-पंचवीस दिवस खात्यातील शिलकीकडे पाहून तुम्ही स्वतःची फसवणूक करून घ्याल.

उत्तर ६ | काउंटरपलीकडे

रोखठोक यांची सूचना योग्य आहे. तिला जोडून आणखी काही किरकोळ गोष्टी.

आयुष्यातल्या पहिल्या कार्डाची उधारीची मर्यादा बहुधा लहान असते. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे. पतनोंदणी संस्थेकडे सहसा बिलाच्या तारखेची थकबाकी कळवली जाते, त्यामुळे एखाद्या महिन्यात वापर जास्त झाला तर बिल तयार होण्यापूर्वीच थोडी रक्कम भरून टाकावी. बँकेने मर्यादा वाढवून देऊ केली तर ती स्वीकारावी, कारण खर्च तेवढाच ठेवून मर्यादा वाढली की वापराचे प्रमाण आपोआप खाली येते. रोखठोक यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

परदेशात किंवा परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरताना चलनबदलाचे शुल्क पाहावे. ते २ ते ३.५ टक्के असले तर कॅशबॅक त्यापुढे काहीच नाही. यंत्राने 'तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का' असे विचारले तर नाही म्हणावे, कारण त्यासाठी लावलेला दर सहसा अधिक महाग पडतो.

शिलकी

पगाराच्या बँकेकडे विनाशुल्क कार्डासाठी आज एकच अर्ज केला. वगळलेल्या व्यवहारांच्या यादीत इंधन आणि भाडे आहे, वीज व फोनची बिले मात्र पात्र आहेत, म्हणजे अर्धाटक्का यांच्या अंदाजापेक्षा स्थिती थोडी बरी निघाली. शेवटची एक शंका: घेतलेली वस्तू परत केली आणि पैसे बिल तयार झाल्यानंतर कार्डावर जमा झाले, तर बिलातून तेवढी रक्कम वजा करून भरली तर चालते का?

उत्तर ७ | अर्धाटक्का

तसे करू नका. परताव्याची रक्कम अनेक बँका 'भरणा' म्हणून धरत नाहीत. ती पुढील बिलात जमा दिसते, आणि चालू बिलात तेवढी तूट राहिली असे मानून रोजमेळ यांनी सांगितलेले व्याज सुरू होते. छापील रक्कम पूर्ण भरा, जमा झालेला परतावा पुढच्या महिन्याच्या बिलातून आपसूक वळता होईल. त्या खरेदीवर मिळालेला कॅशबॅकही बँक परत काढून घेईल, तेव्हा वहीत दोन्ही नोंदी एकाच दिवशी खोडा.